बुडालेलं घोडदळ

जावयाने आपलं घोडदळ नदीत उतरवलं आणि सासरेबुवांना आनंद लपवणं जड गेलं.

जेवणाचं टेबल पटाने भरून गेलं होतं. षटकोनी घरं, मधून वाहणारी निळी नदी, तिच्यावर एकच पूल आणि दोन्ही काठांवर बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. पांढरे जावयाचे, तांबडे सासरेबुवांचे. जावई तलावावर लोकांना पोहायला शिकवायचा. न्यायाधीशाच्या एकुलत्या एका मुलीने असल्या माणसाच्या गळ्यात माळ घालावी, हे काही सासरेबुवांच्या पचनी पडलं नव्हतं. निवृत्तीनंतर रिकामा वेळ भरपूर, त्यात हे विचार करायला आणखी सोय झाली. शेवटी त्यांनी या लढाईच्या खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक जावयाला पाठवून दिलं. सोबत निरोप, ‘शिकून या, एक डाव खेळू.’ निरोप ऐकून लेक फोनवर आनंदाने रडलीच होती. लग्नानंतर आज पहिल्यांदा ती या घरात आली होती आणि बापाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली होती.

“झाली चाल?” सासरेबुवांनी विचारलं.

“झाली,” जावई म्हणाला. “या फेरीत घोडे नदीत थांबतील, पुढच्या फेरीत पलीकडे.”

“नक्की?”

“नक्की.”

सासरेबुवांनी हात लांब केला, नदीतले पांढरे घोडे एकेक करून उचलले आणि डब्यात टाकले.

“बुडाले,” ते म्हणाले. “नदीत थांबलेलं घोडदळ बुडतं. पूल काय शोभेला ठेवलाय? पोहण्याच्या मास्तरांचे घोडे, आणि बुडाले! कुणाला सांगायची सोय नाही.”

“पुस्तकात लिहिलंय, थांबता येतं.”

“कुठल्या पुस्तकात?” सासरेबुवांनी मांडीवरचं कोरं करकरीत पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच. “ही नवी आवृत्ती. तुम्ही वाचलीत ती कधीच बाद झाली, जावईबापू. हातातलं पुस्तक कधीचं आहे, एवढं तरी माणूस उघडून बघतो. पण त्यालाही डोकं पाण्याच्या वर असावं लागतं.”

आता फक्त लेकीच्या तोंडाकडे बघायचं राहिलं होतं. नवऱ्याची अक्कल किती, हे तिला तिच्याच डोळ्यांनी दिसावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यांनी मोठ्या आशेने मान वळवली.

लेक नवऱ्याकडे बघतच नव्हती.

“बाबा, पुस्तक तुम्ही पाठवलं होतंत.”

“जुनं गेलं असेल चुकून.”

“चुकून?” ती म्हणाली. “सरावाला सैनिक आणायला आम्ही खेळांच्या दुकानात गेलो, तेव्हाच दुकानदार म्हणाला, हे पुस्तक बाद झालंय. त्याच दिवशी नवं आणलं. दोन्ही पाठ आहेत याला.”

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघत होता. नजरेत राग होता, आणि तो आज आलेला नव्हता.

“मग घोडे मरायला कशाला घातलेत?”

“मी सांगितलं म्हणून,” लेकच बोलली. “हा म्हणत होता, म्हातारा मुद्दाम करतोय. मी याच्याशी कडाकडा भांडले. अबोला धरला. म्हटलं, माझ्या बापाने जन्मभर न्याय केलाय. पट मांडायच्या आधी ते आपणहून सांगतील, तू गप्प बस आणि त्यांनी पाठवलेल्या पुस्तकाप्रमाणेच खेळ. तुम्ही पट मांडलात, फासे टाकलेत, घोडे नदीत उतरेपर्यंत वाट बघितलीत. आणि वर विचारलंत, नक्की?”

“अगं, खेळ आहे हा,” सासरेबुवा म्हणाले.

“ऊठ रे,” ती नवऱ्याला म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली. “आता मी या घरात पाऊल टाकणार नाही.”

जावई उठला नाही.

“डाव अर्धा सोडायचा नसतो,” तो बायकोला म्हणाला. “हा नियम दोन्ही पुस्तकांत आहे. जिंकू दे त्यांना, एवढी हौस आहे तर.” मग त्याने पुलावर बोट ठेवलं. तिथे त्याचा सेनापती उभा होता. बाजूचे घोडे गेल्यामुळे तो आता उघडा पडला होता, तांबड्या तोफेच्या अगदी तोंडाशी. “हा पडला की डाव संपला. तुमची चाल.”

फासे टाकायचीही गरज नव्हती. सासरेबुवांनी तोफेवर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. लेक पिशवी खांद्याला लावून, कडीवर हात ठेवून उभी होती. डाव चालू आहे तोवर ती तिथे उभी राहील, त्यापुढे नाही, हे त्यांना लख्ख कळलं. बोट हलेना.

“मारा ना, बाबा,” ती म्हणाली. “समोर तर उभा आहे.”

“थांब. विचार करू दे.”

जावई हाताची घडी घालून बसला होता. बऱ्याच वेळाने सासरेबुवांनी तोफ उचलली आणि एक घर मागे घेतली.

जावयाने सेनापती एक घर पुढे सरकवला, पुन्हा तोफेच्या तोंडाशी.