आडनावाची वाट

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये उल्काच्या शेजारी राहणारे बोशाँ आजोबा आपल्या आडनावाची गोष्ट सांगताना कधी थकत नसत. फ्रान्समधल्या एका खेड्यातून ते आडनाव जहाजाने क्वेबेकला आलं आणि तिथून होड्यांनी डेट्रॉइटला. "जिथे जिथे थांबलो, तिथे कुणा ना कुणाला मातीत ठेवलं," ते उल्काला म्हणत. "मग पोरी, ती जागा सोडवत नाही." दर रविवारी दोघं दफनभूमीत जात आणि बोशाँ घराण्याच्या दगडांवरचा बर्फ हाताने झाडत.

त्या रविवारी उल्का परतली, तेव्हा तिचा नवरा प्रल्हाद भलताच खुशीत होता.

"पुण्याची ऑफर आली यार! आईला फोनसुद्धा केला. चार बॅगा भरल्या की निघालो. आपण पेठे थोडेच बोशाँ आहोत, इथल्या मातीत अडकून पडायला?"

बोलता बोलता तो एकदम थांबला. उल्काच्या हातमोज्यांवर अजून बर्फ होता.



तान्ह्या बाळाला आपल्यातही जाळत नाहीत, मातीतच ठेवतात. आणि आजोबांनी आपल्या रांगेत देऊ केलेल्या जागेवरच्या त्या वीतभर दगडावर 'पेठे' असं लिहिलेलं होतं.