पिकअपचा गचका

"हळू असली की गचके देते, हायवेला मात्र लोण्यासारखी पळते," हणमंततात्यांनी नव्या ऑटोमॅटिक पिकअपची तक्रार दस्तगीर मेस्त्रींपुढे मांडली. "गिअरबॉक्स उतरवा, नाहीतर मी विकूनच टाकतो!"

मेस्त्रींनी ऑइल तपासलं, कॉम्प्युटर जोडला, स्वतः दोन फेऱ्या मारल्या. गाडी कुठेच अडखळली नाही. मग तात्यांना चालवायला लावून ते शेजारी बसले. मागच्या सीटवर तात्यांच्या पत्नी कलावतीकाकू होत्या, मांडीवर बाजारात न्यायचा अंड्यांचा ट्रे घेऊन. पहिल्याच वळणावर गचका बसला आणि दोन अंडी फुटली.

मेस्त्रींनी खाली पाहिलं. चाळीस वर्षं ट्रक चालवलेल्या तात्यांचा डावा पाय गिअर बदलायच्या वेळी सवयीने क्लच शोधत होता. या गाडीला क्लच नव्हताच. पाय थेट ब्रेकवर पडत होता.

पण तात्यांना चूक दाखवायची गावात कुणाची छाती नव्हती. "तात्या, डावा पाय दुमडून सीटवर घ्या," मेस्त्री गंभीरपणे म्हणाले. "वजन मागे गेलं की गिअरबॉक्स शांत होतो."

परतताना एकही गचका बसला नाही. "बघा, खोट गाडीतच होती!" म्हणत तात्या ऐटीत चहा सांगायला गेले.

मेस्त्री काकूंकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

काकूंनी फुटकी अंडी बाजूला काढली. "दुपारी ते झोपले की मीच ही गाडी बाजाराला नेते. त्यांना वाटतं, एसटीने गेले. माझ्या हातून एकही अंडं फुटत नाही, हे कसं सांगू?"