मागची सीट

"मागची सीट काढून टाका," आमच्या कंपनीचे प्रमुख दामले सर म्हणाले. मी डिझाइन करत असलेली नवी सोलर गाडी त्यांना दोन स्कूटरच्या जागेत पार्क होणारी हवी होती. "ऑफिसला जाणारा माणूस एकटाच असतो हो."

"मूल पाळणाघरात सोडून जाणारा नसतो, सर."

"मग मांडीवर घ्यायचं! आम्ही नाही का आईच्या मांडीवर बसून गावभर हिंडलो?"

पाळणाघराला सुट्टी असल्यामुळे माझी दोन वर्षांची शर्वी कडेवरच होती. मी सरांना नमुना गाडीच्या स्टिअरिंगसमोर बसवलं, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि शर्वीला त्यांच्या मांडीवर दिलं.

तिने आधी हॉर्न वाजवला. मग सरांचा चष्मा ओढला आणि तो घेऊन उघड्या दारातून माझ्याकडे झेप घेतली. सरांनी तिचा फ्रॉक पकडला आणि करकचून ब्रेक दाबला.

"गाडी बंद आहे, सर," मी चष्मा परत देत म्हणाले.

सर खाली उतरले. चष्मा पुसून त्यांनी गाडीच्या छतावरून मागपर्यंत हात फिरवला.

"मागची सीट ठेवली, की छत लांब होतं. छत लांब झालं, की पॅनल मोठं बसतं," ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही?"