पुसली तरी उगवणारी फाइल

मानकोलीच्या गोदामात नवीन सॉफ्टवेअर बसवलं आणि वैशालीच्या कॉम्प्युटरवर एक अनोळखी फाइल उगवली. तिने ती पुसली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर तणासारखी पुन्हा हजर, आणि आदल्या दिवसापेक्षा मोठी. उघडू म्हटलं तर उघडेना. स्टॉकच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, या धास्तीने तिने सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रितमला फोन लावला.

"अगं ताई, नवरीमागं करवली येतेच ना? तशी हाय ती. राहू दे, काय खात न्हाय."

"खात न्हाय, मग फुगते कशी रं?"

प्रितमने हसत फोन ठेवला.

आत्ता नोकरी जाऊन चालणार नव्हतं. तिच्याआधी या टेबलावर काम करणाऱ्या मुलीचं पोट दिसू लागलं, तसं गोदामाच्या मालकाने, हितेशशेठने, तिला घरी बसवलं होतं. म्हणून वैशालीने आपली गोड बातमी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्याच्या पोटात काही राहत नसे. बोलायची ती फक्त बाळाशी. सगळे जेवायला गेले की कॉम्प्युटरसमोर बसून, पोटावर हात ठेवून हळूच गुणगुणायची,

"पोटीच्या पाखरा रं, नको करू घाई,
पदराच्या आड तुला लपवते आई."

शनिवारी हितेशशेठ कानातले हेडफोन काढत तिच्या टेबलाशी येऊन थांबले. आवाजात नुसती माया.

"वैशाली, सोमवारपासून नवीन मुलगी येतेय, करिष्मा, तिला तुझं काम शिकव. आणि काय गं, तुझं पाखरू कधी येतंय?"