घाबरलेल्यांसाठी पान

"अप्पा, इस्पितळाचं पान उघडलंत ना? उजवीकडे वर लाल बटण आहे, ते दाबा," वैजयंती पुण्याहून सांगत होती. वाशिमला आईला धाप लागली होती, आणि रुग्णवाहिका आता फक्त रुग्णाच्या घरच्या फोनवरून, त्या पानावरच बोलावता येई.

"मघाशी होतं गं बटण. आता नुसती अक्षरं दिसतायत."

वाचणाऱ्याची भीती ओळखून पानानं मांडणी बदलावी, घाबरलेल्याला कमीत कमी दिसावं, हा आग्रह वैजयंतीचाच होता. हे पान बनवणाऱ्या तिच्या कंपनीत त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

"अप्पा, आधी शांत व्हा. मग बटण दिसेल."

"शांत कसा होऊ? ती निळी पडतेय!" अप्पा रडू लागले. "वैजू, आता तर सगळं पान पांढरं झालंय."