नवा दांडा

“चाक आवळू नकोस, पोरी. जेवढं वळायचंय तेवढंच फिरव. गाडीला उगाच कशाला दमवायचं?”

अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, तो आवाज दुर्गाच्या कानात अवचित उठला. कारण समोर तिचा नवरा नेमकं उलटं करत होता. लालबागच्या चाळीसमोर शामराव पिकअपचं स्टेअरिंग गरागरा फिरवत होते आणि गाडी या कडेची त्या कडेला झोकांड्या खात होती. शेवटी ती चाळीच्या पायरीवर चढली, पाण्याच्या पिंपाला धडकली आणि बंद पडली. मागे हौद्यात बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

“शामराव, आज कुठल्या देवळातलं तीर्थ घेतलंत?” वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. चाळ हसली.

शामरावांना चाळ कधी हसली नव्हती. महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेली ती जुनी पिकअप त्यांच्याशिवाय कोणालाच चालवता येत नसे. स्टेअरिंगचा दांडा इतका झिजलेला, की वीतभर फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. शामराव वळण यायच्या आधीच वळायला लागत. सरळ रस्त्यावरही हात सारखे हलते ठेवत. “गाडी नाही ती, घोडी आहे. धनी ओळखते,” असं ते मिशीवर हात फिरवून सांगत.

आणि त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगत. अप्पा कॉटन ग्रीनच्या गोदामात लॉरीवर होते. त्यांनी लेकीला वडाळ्याच्या मिठागराकडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं. लग्नानंतर दुर्गाने हौसेने ही पिकअप हातात घेतली आणि पहिल्याच वळणावर नारळवाल्याच्या ढिगात घातली. “लोक गाडीपुढे एक नारळ फोडतात, आमच्या हिने दुकान फोडलं!” बारसं असो, हळदीकुंकू असो, ही गोष्ट झाल्याशिवाय माणसं उठत नसत. दुर्गा पदराआड हसायची. त्यानंतर तिने स्टेअरिंगला हात लावला नव्हता. अप्पांनी लाडापोटी आपलं भलतंच कौतुक केलं, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

आज मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. तुरुंगातून सुटलेल्या सत्याग्रहींचा तिथे सत्कार व्हायचा होता आणि त्यांत शेजारच्या सुंदराबाईंचा राजाराम होता. सुंदराबाईंचे पाय वाताने गेलेले. लेकाला पकडून नेलं त्याच दिवशी दुर्गाने त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, “मावशी, तो सुटेल तेव्हा त्याच्यासमोर मी तुम्हाला नेऊन बसवीन.” दुर्गाच्या दृष्टीने दिलेला शब्द सोमवारच्या उपासासारखा. तो मोडायचा नसतो. म्हणून तर ती नवऱ्याच्या मागे लागली होती, की एवढ्या बायाबापड्या असल्या स्टेअरिंगच्या भरवशावर न्यायच्या नाहीत. बुधाजी मेकॅनिकने भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीचा चांगला दांडा शोधून आणला आणि आज सकाळीच बसवला.

सुंदराबाई पुढच्या सीटवर दाराला घट्ट धरून बसल्या होत्या. नेसूचं ठेवणीतलं लुगडं, केसात अबोलीचा गजरा. “गो दुर्गे, वेळेर पोचतलंव मां?” त्यांनी विचारलं.

दुर्गाने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं गिरणगाव सभेला निघालेलं. आज टॅक्सी कुठली मिळायला?

शामराव घामाघूम होऊन खाली उतरले. “काय रे बुधाजी, काय करून ठेवलंस? बिघडवलीस माझी गाडी!”

बुधाजीने खिडकीतून हात घालून स्टेअरिंग जरासं हलवलं. पुढची चाकं लगेच हलली.

“गाडी बिघडलेली नाय, दादा,” तो हळूच म्हणाला. “दांडा नवा आलाय. हात तुमचे अजून जुन्या दांड्याचेच आहेत. जातील थोडे दिवस.”

“दिवस? अरे, सभा आत्ता आहे!”

दुर्गाने देव्हाऱ्याच्या दिशेने मनातल्या मनात हात जोडले.

“अहो,” ती म्हणाली, “मी बघू का?”

“वहिनी, नारळवाल्याला आधी निरोप धाडू दे!” गॅलरीतून आवाज आला आणि चाळ पुन्हा खदखदली.

शामराव हसले नाहीत. त्यांनी चाकांकडे पाहिलं, मग बराच वेळ दुर्गाच्या हातांकडे पाहिलं. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी सीट झटकली. आणि सगळ्या चाळीच्या देखत दार उघडून धरलं.

“बस,” ते म्हणाले.

दुर्गाने पदर खोचला. गाडी पायरीवरून मागे घेतली, सरळ केली. गल्लीच्या तोंडाशी वळण आलं. तिने हवं होतं तेवढंच फिरवलं आणि गाडी तेवढीच वळली. किंचित जास्त नाही, किंचित कमी नाही. दुर्गाने हाताच्या पाठीने डोळे पुसले. इतकी वर्षं ती जिला हसत आली, ती चूक तिच्या हातांची नव्हतीच.

मोठ्या रस्त्यावर घोषणा देत माणसं चालली होती. तिने ब्रेक दाबला. वाट मिळेल का, ते तिला दिसेना.

तेवढ्यात टपावर दोन थापा पडल्या.

“डावी बाजू मोकळी! जाऊ द्या, ड्रायव्हरबाई, जाऊ द्या!”

हौद्यात, बायकांच्या घोळक्यात, शामराव क्लीनरच्या जागी उभे होते. सगळ्या लालबागला ऐकू जाईल असा त्यांनी आवाज चढवला होता.

दुर्गाने सुंदराबाईंच्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला आणि गाडी परळच्या रस्त्याला लावली.