आईला विचारा

ऋतिकाच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधायला घेतली आणि संघमित्रा सिस्टर मध्येच थांबल्या.

“एक सांगा, आज ही नेहमीपेक्षा वेगळी वाटते का?”

ऋतिकाचा बाप नितेश गोंधळला. घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या इमर्जन्सीत भरदुपारीही पाय ठेवायला जागा नव्हती. लाल पट्टीवाली पोरं थेट आत जात होती, पिवळीवाल्यांनी बाकावर थांबायचं होतं. वर्षभराच्या ऋतिकाला कालपासून उलट्या-जुलाब होत होते. पण ताप नव्हता, आणि बाकीची पोरं हॉस्पिटल डोक्यावर घेत असताना ती बापाच्या खांद्यावर गप पडून होती.

“शांत आहे, सिस्टर. सकाळपासून काही त्रास नाही दिला बिचारीने.”

“एरवी देते?”

नितेशने खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं. तो उजाडताच टेम्पो घेऊन निघायचा, पोरगी दिवसभर पाळणाघरात. कुंदा, त्याची बायको, कुवेतला होती. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला गेली होती. पण रोज व्हिडिओ कॉलवर लेकीशी बोलल्याशिवाय ती जेवत नसे.

“हिच्या आईला विचारू?”

“लावा फोन. एवढीशी पोरं बोलत नाहीत, घरच्यांच्या डोळ्यांनीच बघावं लागतं आम्हाला.”

कुंदाने लगेच उचलला. “ऋतू! ए चिमणे! बघ ना माझ्याकडे.”

ऋतिकाचे डोळे उघडे होते. ते फोनवरून घसरले आणि भलतीकडेच जाऊन राहिले.

“अरे, नीट धर ना तिच्यासमोर.”

“धरलाय गं.”

कुंदा स्क्रीनच्या जवळ आली. मग तिचा आवाज बारीक झाला. “सिस्टर, रोज ती हा फोन ओढून घेते. स्क्रीनवरचं माझं तोंड चाटते. आज ती मला ओळखत नाहीये.”

सिस्टरांनी पोरीच्या छातीवर बोट दाबून उचललं. उमटलेला पांढरा ठसा लवकर भरेचना. पाय चाचपले, गारढोण. पिवळी पट्टी त्यांनी बाजूला फेकली, लाल बांधली आणि ऋतिकाला नितेशच्या खांद्यावरून उचलूनच घेतलं.

“चला आत!”

डॉक्टरांनी पायात सुई घातली तेव्हा पोर हललीसुद्धा नाही. सलाइन सुरू झालं. नितेश भिंतीला टेकून उभा होता. हातातला फोन चालूच होता.

बरंच सलाइन गेल्यावर डॉक्टरांनी रक्तासाठी दुसरी सुई टोचली. ऋतिकाने हात हिसकला, तोंड वाकडं केलं आणि असा काही टाहो फोडला की बाजूच्या खाटेवरची बाई दचकली.

“आता ठीक,” डॉक्टर म्हणाले. “अंगातलं पाणी पार आटलं होतं. वेळेत आत आली.”

नितेशने घाईघाईने फोन वळवला. “कुंदा, ठेवतो मी. तू नको ऐकू हे.”

“ठेवू नकोस!” ती ओरडली. “तिच्याजवळ धर, नितेश. अजून जवळ.”

त्याने फोन लेकीच्या तोंडाशी नेला. पलीकडे कुणीतरी कुंदाला हाक मारत होतं. तिने ओ दिली नाही. स्क्रीनवर तिचा चेहरा दिसेनासा झाला होता; दिसत होता तो काचेला घट्ट चिकटवलेला तिचा कान, आणि त्यातलं इवलंसं कुडं.